खंजिरी कुणाच्या हातात?

कोजागिरी झाली की आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये दोन गोष्टींची घाई असते. एक सोयाबीनच्या सोंगणीची आणि दुसरी तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीची. मजूर मिळत नाहीत, थ्रेशरवाला तारखा देतो नि पाळत नाही, आभाळ कधी भरून येईल सांगता येत नाही. तरीही संध्याकाळी देवळापुढे सतरंजी पडते, भगव्या टोप्या जमतात आणि खंजिरी वाजायला लागते.

काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत मी माहेरी गेले होते. तेव्हा गावात एक लहानसं भांडण पेटलं होतं. बायकांच्या भजनी मंडळातल्या माझ्या एका वहिनीने पुण्यतिथीला आपण खंजिरी वाजवणार असं जाहीर करून टाकलं होतं. बायका टाळ वाजवत, मागून ओळ धरत, त्याला कुणाची हरकत नव्हती. पण खंजिरी म्हणजे भजनाचा कासरा. ती ज्याच्या हातात, भजन त्याचं! दोन-तीन जाणत्या मंडळींना ते रुचलं नाही. महाराजांची परंपरा मोडते, असं त्यांचं म्हणणं. वहिनीचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण तिने सरळ विचारलं की ही परंपरा महाराजांनी लिहून ठेवली आहे का, असेल तर दाखवा.

कुणी दाखवू शकलं नाही. मीही नाही. लहानपणापासून ज्यांची भजनं ऐकत आले, त्या माणसाबद्दल आपल्याला फारसं काहीच ठाऊक नाही, हे तेव्हा लक्षात आलं. मग वाशीमला परत आल्यावर चरित्रं मिळवली, ग्रामगीता पुन्हा उघडली.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. नाव माणिक, वडील बंडोजी इंगळे, आई मंजुळाबाई. घरात गरिबी इतकी की शाळा तिसरी-चौथीच्या पुढे सरकलीच नाही. वरखेड हे आजोळ. तिथे अडकोजी महाराज नावाचे अवलिया सत्पुरुष होते. माणिकचा जीव पुस्तकापेक्षा त्यांच्या पायाशी आणि भजनात जास्त रमायचा. तुकड्या हे नाव अडकोजींनीच दिलेलं. भाकरीच्या तुकड्यावर जगणारा म्हणून तुकड्या, असंही लोक सांगतात. मोठेपणी देशभर नाव झालं, तरी भजनाच्या शेवटी त्यांनी हेच नाव ठेवलं. 'तुकड्यादास' ही त्यांची नाममुद्रा.

गुरू गेले आणि हा पोरगा घरातून निघून रानावनात फिरत राहिला. रामटेक, सालबर्डी, रामदिघी... पुरुषांच्या चरित्रात हा भाग तपश्चर्या म्हणून येतो आणि आपण तो भक्तिभावाने वाचतो. मला मात्र वाचताना मंजुळाबाई दिसत होती. मिसरूड न फुटलेला मुलगा जंगलात, नि घरी ही माय. त्या काळात तिने काय सोसलं, हे मी वाचलेल्या चरित्रांत फारसं सापडलं नाही. संतांच्या आयांची हीच गत!

रानातून परत आलेल्या तरुणाजवळ दोनच वस्तू होत्या, आवाज आणि खंजिरी. खंजिरी म्हणजे काय मोठं वाद्य नव्हे. लाकडाचं कडं, एका बाजूला ताणून बसवलेलं कातडं आणि कडेच्या खाचांमध्ये छोट्या झांजा. तबल्यासारखी बैठक नको, पेटीसारखा पैसा नको. काखेत मारून दहा कोस चालत जाता येतं. सालबर्डीला त्यांनी मोठा यज्ञ केला, १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला, पण माणसं जमली ती मुख्यतः या खंजिरीच्या आवाजाने.

माझ्या आजीचं माहेर त्या तिवसा-मोझरीकडचं. तिने महाराजांना प्रत्यक्ष ऐकलेलं. बैलगाडीत घोंगडं टाकून सगळं घर जायचं, असं ती सांगे. ती लिहायला-वाचायला शिकली नव्हती. पण महाराजांची वीस-पंचवीस भजनं तिला तोंडपाठ. झोपडीतल्या समाधानाची राजाच्या महालाशी तुलना करणारं त्यांचं ते सर्वांना ठाऊक असलेलं भजन ती जात्यावर म्हणे, निंदण करताना म्हणे आणि आजोबांशी खटका उडाला की जरा जास्तच मोठ्याने म्हणे.

ही भजनं अजून का टिकली, याचं उत्तर मला आजीच्या त्या पाठांतरात दिसतं. चाल सोपी. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. ओळ पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे पुस्तक लागत नाही. शब्द शेतातले आणि ओसरीतले. हिंदीतही त्यांनी भरपूर लिहिलं, तेही असंच, आमच्या बाजूच्या माणसाला उलगडणारं. आणि देवाचं नाव घेता घेता भजन केव्हा गावच्या उकिरड्यावर, दारूवर, शिवाशिवीवर नि सावकारावर येऊन थांबे, ते कळतही नसे. भक्ती करायला आलेला माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे हातात खराटा घेऊन रामधूनमध्ये निघे. शास्त्रीय गाणं थोर आहेच, पण ऐकणाऱ्याला रस्ता झाडायला लावणारं गाणं मी तरी दुसरं पाहिलं नाही.

गांधीजींनी त्यांना १९३६ मध्ये सेवाग्रामला बोलावून घेतलं. जवळपास महिनाभर ते तिथे राहिले, भजनं झाली, चरखा झाला. त्यानंतर त्यांच्या भजनात स्वातंत्र्याचा सूर जास्त उघड झाला.

मग १९४२ साल आलं. चिमूरकडे त्यांचा मुक्काम होता. झाडं, दगड हीच आपली शस्त्रं होतील, अशा अर्थाचं त्यांचं भजन त्या भागात घुमत होतं. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटलं. गोळीबार झाला, जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. त्यानंतर गोरी पलटण गावात शिरली. पुरुष आधीच पकडलेले किंवा पळालेले. पलटणीने घरात उरलेल्या बायकांवर अत्याचार केले.

आमच्या इतिहासाच्या पुस्तकात चिमूरचं नाव होतं, हे नव्हतं. चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी प्राणांतिक उपोषण मांडलं, ते ६३ दिवस चाललं. नागपूरच्या अनसूयाबाई काळे चिमूरला गेल्या, तिथल्या बायकांचं ऐकून घेतलं आणि पुढे आष्टी-चिमूरच्या फाशीच्या कैद्यांसाठी झगडल्या. त्या काळात आपल्यावर काय गुदरलं हे परक्या माणसापुढे बोलायचं, याला किती धीर लागला असेल! चिमूरच्या त्या बायकांवर कुणी भजन रचलं का, मला माहीत नाही. रचायला हवं होतं.

महाराजांना ऑगस्टच्या अखेरीस चंद्रपूरला अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ते डिसेंबरपर्यंत होते. आपल्या भजनाने पेटलेल्या गावाचं पुढे काय झालं, हे त्यांना आत कधी आणि कसं कळलं असेल, या प्रश्नाशी मी बराच वेळ अडले. त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. एवढं खरं की बाहेर आल्यावर त्यांच्या कामाचा कल बदललेला दिसतो. १९४३ मध्ये गुरुदेव सेवा मंडळ उभं राहिलं. आता भर पेटवण्यावर नाही, गाव बांधण्यावर. गावोगाव शाखा, सकाळी सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. प्रार्थनेत मूर्ती नाही, फक्त गादीचं अधिष्ठान. कुठल्याही जातीचा, कुठल्याही धर्माचा माणूस येऊन बसू शकेल अशी सोय.

आणि बाई? तीही येऊन बसू शकेल अशी. आता हे आपल्याला किरकोळ वाटतं. पण ज्या गावात सून सासऱ्यापुढून जाताना पदर नाकापर्यंत ओढायची, तिथे रोज संध्याकाळी अर्धा तास चारचौघांत बसायला मिळणं ही मोठी गोष्ट होती. माझी आजी सांगे, प्रार्थनेचा तेवढा वेळ तिला कुणी पाणी मागत नसे.

१९५५ मध्ये ग्रामगीता आली. ४१ अध्याय, ४६७५ ओव्या. त्याच वर्षी महाराज जपानला विश्वधर्म परिषदेला गेले आणि तिथेही खंजिरीच वाजवली. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटलं. भारत साधुसमाजाचे ते पहिले अध्यक्ष झाले. युद्धाच्या काळात सीमेवर जाऊन जवानांपुढे भजनं म्हटली. पुढच्या गोष्टीही सांगायला हव्यात : त्यांचं टपाल तिकीट निघालं आणि २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. चौथीच्या पुढे न गेलेल्या माणसाचं नाव आज लाखो पदव्यांवर छापलेलं आहे. पण हे मानसन्मान वाचताना मी भराभर पानं उलटली. मला हवा होता विसावा अध्याय, महिलोन्नती.

तो अध्याय मी दोनदा वाचला. मुलीला मुलासारखंच शिकवावं, बाईला कोंडून, मारून, दाबून ठेवणारं गाव वर येणार नाही, हे त्यात स्वच्छ आहे. हुंड्यावर आणि लग्नातल्या उधळपट्टीवरही ग्रामगीतेने कोरडे ओढले आहेत. खेड्यातल्या पुरुषांच्या सभेत हे रोखठोक सांगणारा माणूस त्या काळी विरळाच. तरी एक गोष्ट खटकली, ती लपवत नाही. बाईचं मोठेपण सांगताना महाराज बहुतेक वेळा पाळण्याच्या दोरीपाशी येऊन थांबतात. ती शिकावी, कारण तिच्या मांडीवर उद्याचा नागरिक वाढतो. पाळणा नसलेल्या बाईचं काय, लग्नच न केलेलीचं काय, असं विचारावंसं वाटतं. स्वतः महाराजांनी संसार मांडला नाही, आणि त्यांना तो जाब कुणी विचारला नाही. असो. १९५५ च्या माणसाकडून आजची सगळी उत्तरं मागणं बरोबर नाही, हेही कळतं.

पण बाईने खंजिरी वाजवू नये? असं काही त्यात मला सापडलं नाही. वाद्य पुरुषाच्याच हाती राहावं अशी एक ओवी नाही. उलट बाईला पुढे येऊ द्या असा सगळा सूर. मी वहिनीला फोन करून हे सांगितलं. ती हसली. तिचं म्हणणं, हे तर आम्हाला भजनं म्हणता म्हणताच कळलं होतं, तुम्हाला पुस्तकं चाळावी लागली!

११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले. कर्करोग झाला होता. वय साठसुद्धा नव्हतं. वेळ होती दुपारी ४ वाजून ५८ मिनिटं. अजूनही मोझरीला पुण्यतिथीच्या दिवशी, अश्विन वद्य पंचमीला, बरोबर त्या मिनिटाला लाखोंचा जमाव मौन पाळून उभा राहतो. लाऊडस्पीकर, पाळणे, खेळण्यांची दुकानं, सगळं गप्प.

त्यानंतर आमच्याकडे टेपरेकॉर्डर आला, टीव्ही आला, लग्नात डीजे आला. पोरांच्या मोबाईलवर जगातली सगळी गाणी आहेत. तरी भजनी मंडळं मोडली नाहीत. अकोटकडच्या सत्यपाल महाराजांनी तर एका वेळी सात खंजिऱ्या मांडून कीर्तनाला नवं तरुण गिऱ्हाईक मिळवलं. नि आता गावोगावच्या मंडळांच्या स्पर्धा होतात, यूट्यूबवर चढतात, त्याखाली पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली पोरं आपल्या गावाचं नाव लिहितात.

पुण्यतिथीला काय झालं ते सांगायचं राहिलंच. दुपारी कुणी शेतातून लवकर आलं नव्हतं. आभाळ भरलेलं होतं, सोयाबीनच्या सुड्या उघड्यावर पडल्या होत्या. मीही वहिनीबरोबर वावरातच होते. पाच वाजायला आले तशी तिने मोबाईल बघितला नि विळा खाली ठेवला. तिचं पाहून ओळीतल्या बाकीच्या दहा-बारा बायांनीही ठेवला. मिनिटभर सगळ्या उभ्या. वाळलेल्या शेंगांचा तेवढा कडकड आवाज. मग पुन्हा वाकल्या आणि पात उरकली.

रात्री देवळापुढे वहिनीने खंजिरी घेतली. जुन्या लुगड्याच्या पिशवीतून काढली, कंदिलाच्या काचेवर कातडं जरा शेकवलं आणि बोटाने टिचकी मारून पाहिली. जाणत्यांपैकी दोघे आले नाहीत. तिसरे आले, मागे बसले, आणि दुसऱ्या भजनाला टाळ मागून घेतले.