ना. म. जोशी : कामगार संघटनेच्या कायद्याचे शिल्पकार

मुंबईच्या लोअर परळ भागातून जाणाऱ्या, एकेकाळी गिरण्यांनी वेढलेल्या डिलाइल रोडला आज ना. म. जोशी मार्ग असे नाव आहे. ज्यांचे नाव त्या रस्त्याला मिळाले, ते नारायण मल्हार जोशी काही सभा गाजवणारे वक्ते नव्हते. तरीही संघटना बांधणे हा गुन्हा नव्हे, तर कामगाराचा हक्क आहे, हे तत्त्व भारताच्या कायद्यात उतरविण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते.

जोशी यांचा जन्म 5 जून 1879 रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षे शिक्षकी केली आणि 1909 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात प्रवेश केला. गोखल्यांच्या नेमस्त परंपरेचे संस्कार त्यांच्यावर कायमचे राहिले. 1911 मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने या कामांच्या निमित्ताने गिरणगावातील चाळींशी त्यांचा निकटचा परिचय झाला. दारिद्र्याचे मूळ केवळ अज्ञानात नसून कामगाराच्या असंघटितपणात आहे, ही जाणीव त्यांच्या पुढील कार्याचा पाया ठरली.

1919 मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तेव्हा भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशी यांची नेमणूक केली. कामगारांनी स्वतःचा प्रतिनिधी सुचवावा, तर देशात तशी मध्यवर्ती संघटनाच नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी 31 ऑक्टोबर 1920 रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजेच आयटक, स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत जोशी होते.

मात्र संघटना उभी राहिली तरी तिला कायद्याचे संरक्षण नव्हते. मद्रासमध्ये 1918 साली स्थापन झालेल्या मद्रास लेबर युनियनच्या नेत्यांवर बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांच्या चालकांनी 1920 मध्ये दावा दाखल केला. कामगारांना कराराचा भंग करण्यास चिथावणी दिल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाने नेत्यांविरुद्ध मनाई हुकूम दिला आणि अखेर बी. पी. वाडिया यांना युनियनपासून दूर व्हावे लागले. संपाचे आवाहन करणारा कोणताही नेता न्यायालयात खेचला जाऊ शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

याच सुमारास जोशी मध्यवर्ती विधिमंडळाचे सरकारनियुक्त सभासद झाले होते. मार्च 1921 मध्ये त्यांनी कामगार संघटनांची नोंदणी व संरक्षण यांसाठी कायदा करावा, असा ठराव मांडला. त्याला फळ येण्यास पाच वर्षे लागली. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याने किमान सात कामगारांना संघटना नोंदविण्याची मुभा दिली. संघटनेच्या कायदेशीर कामासाठी सभासदांवर कटाचा खटला भरता येणार नाही आणि औद्योगिक तंट्यातील कृतीबद्दल विशिष्ट दिवाणी दाव्यांपासून संरक्षण मिळेल, अशी तरतूद झाली. पण नोंदलेल्या संघटनेशी बोलणी करण्याचे बंधन मालकांवर आले नाही. ही त्रुटी चळवळीला दीर्घकाळ भोवली. स्त्री कामगारांना प्रसूतिकाळात भत्ता मिळावा म्हणून 1924 मध्ये जोशी यांनी आणलेले विधेयकही फेटाळले गेले.

दुसरे आव्हान बाहेरचे नव्हते. 1926 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियनचे जोशी अध्यक्ष होते. 1928 च्या सहा महिन्यांच्या गिरणी संपात ते आणि श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे साम्यवादी नेते संयुक्त संप समितीत एकत्र आले. तथापि संपानंतर गिरणगावातील प्रभाव लाल बावटा गिरणी कामगार युनियनकडे झुकला. सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशनचे सभासदत्व जोशी यांनी स्वीकारले होते. 1929 च्या नागपूर अधिवेशनात मात्र, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष असताना, आयटकने त्या कमिशनवर बहिष्काराचा निर्णय घेतला. जोशी व त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी स्वतंत्र फेडरेशन स्थापन केले. सरकारी समितीत बसून मिळेल ते पदरात पाडावे की सरकारशी असहकार करावा, हा वाद दोन्ही बाजूंना प्रामाणिकपणे पटलेल्या भूमिकांचा होता. परंतु त्याची किंमत दुभंगलेल्या कामगारांनी मोजली. 1931 मध्ये आयटक पुन्हा फुटली.

ऐक्यासाठी जोशी यांनी प्रयत्न सोडले नाहीत. 1938 मध्ये झालेली तडजोड 1940 मध्ये पूर्णत्वास गेली आणि ते पुन्हा आयटकचे सरचिटणीस झाले. हे ऐक्यही अल्पजीवी ठरले. 1947 मध्ये इंटक आणि 1948 मध्ये हिंद मजदूर सभा स्थापन होऊन पक्षनिहाय संघटनांचे युग सुरू झाले. जोशी यांनी 1948 मध्ये सरचिटणीसपद सोडले. 30 मे 1955 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कायद्याची मूळ तत्त्वे 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत सामावून घेण्यात आली. संघटनेचा हक्क त्यांनी मिळवून दिला. तो हक्क एकदिलाने बजावण्याचे काम मात्र त्यांच्या हयातीत अपुरे राहिले, आणि ते कोणत्याही कायद्याने पूर्ण होणारे नव्हते.