संत ऑगस्टीन आणि शुभवर्तमानांतील संवाद



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेसाठीं एखादें संतचरित्र लिहावें, अशी मला विनंती झाली. मी संत ऑगस्टीन ह्यांचें चरित्र निवडलें, त्यास एक कारण घडलें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं पवित्र शुक्रवारीं प्रभूच्या दुःखसहनाचें वाचन झालें आणि उपासना आटोपून मी बाहेर आलों, तों चर्चच्या पायरीवर एक सुशिक्षित तरुण उभा होता. त्यानें विचारलें कीं, पिलातानें प्रभूला वाड्याच्या आंत नेऊन प्रश्न केले, त्या वेळीं शिष्यांपैकीं तेथें कोण होतें? तें संभाषण कोणी ऐकलें, कोणी लिहून घेतलें, आणि लिहून घेतलें नसेल तर तें खरें कशावरून मानावें? मी दिवसभराच्या उपवासानें थकलों होतों. अशा गोष्टींत खोल शिरूं नये, श्रद्धा ठेवावी, इतकें बोलून मी निघून गेलों. पुढें बरेच दिवस तो तरुण मिस्सेला दिसला नाहीं. प्रश्न विचारणाऱ्याला मी रिकाम्या हातानें परत पाठविलें, ही माझी चूक झाली. हाच प्रश्न सोळाशें वर्षांपूर्वीं एका थोर धर्मपंडितांसमोर आला होता आणि त्यांनीं तो टाळला नाहीं.

संत ऑगस्टीन ह्यांचा जन्म इ. स. ३५४ च्या नोव्हेंबर महिन्याच्या १३ तारखेस उत्तर आफ्रिकेंतील थागास्ते ह्या लहानशा नगरांत झाला. तें नगर हल्लीं अल्जीरिया देशांत असून त्याचें नांव सूक अहरास असें आहे. पिता पात्रिसियस हे मूर्तिपूजक होते. मरणापूर्वीं थोडे दिवस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. माता संत मोनिका ह्यांची श्रद्धा, त्यांचे अश्रु आणि त्यांची प्रार्थना आपणां सर्वांस ठाऊक आहे. मुलगा बुद्धिमान् निघाला. त्याला वक्तृत्वशास्त्र शिकण्यासाठीं कार्थेज शहरीं पाठविण्यांत आलें. तेथें तारुण्याच्या भरांत ऑगस्टीन कसे वाहवत गेले, विवाहावांचून त्यांनीं कसा संसार मांडला आणि त्यांस अदेओदातुस नांवाचा पुत्र कसा झाला, हें त्यांनीं स्वतःच जगापुढें मांडून ठेविलें आहे.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं सिसेरो ह्या रोमन पंडिताचा एक ग्रंथ वाचून त्यांच्या मनांत ज्ञानाची तहान उत्पन्न झाली. त्यांनीं पवित्र शास्त्र उघडलें. परंतु त्यांतील साधी लॅटिन भाषा त्या डौलदार वक्त्याला गांवढळ वाटली आणि त्यांनीं तें मिटून ठेविलें. त्यानंतर सुमारें नऊ वर्षें ते मानी नांवाच्या पर्शियन गुरूच्या पंथांत राहिले. हे मानीपंथी लोक नव्या करारांतील जें वचन सोईचें असेल तेवढें घेत आणि जें अडचणीचें असेल तें मागाहून कोणीतरी घुसडलें आहे असें म्हणत. कार्थेज येथें एल्पिदियस नांवाचे एक ख्रिस्ती गृहस्थ शास्त्राच्या आधारें त्यांच्याशीं वाद करीत. मानीपंथीयांचें उत्तर मात्र चारचौघांत येत नसे. खाजगींत ते सांगत कीं, शास्त्राच्या प्रती भ्रष्ट झाल्या आहेत. मग निर्भेळ प्रत कोठें आहे? ती कोणालाच दाखवितां येत नसे. ही गोष्ट ऑगस्टीन ह्यांच्या मनाला तेव्हांपासूनच टोंचूं लागली. इ. स. ३८३ मध्यें त्या पंथाचा नामांकित आचार्य फाउस्तुस कार्थेजला आला. त्याची वाणी गोड होती, परंतु ऑगस्टीन ह्यांच्या शंकांचें निरसन त्याच्याकडून झालें नाहीं.

पुढें ते रोमला आणि ३८४ मध्यें मिलान शहरीं वक्तृत्वाचे अध्यापक म्हणून गेले. तेथें बिशप संत अँब्रोज ह्यांचीं प्रवचनें ऐकून शास्त्राविषयींची त्यांची तुच्छता गळून पडली. ३८६ च्या उन्हाळ्यांत एका बागेंत, रोमकरांस लिहिलेल्या पत्रांतील चार ओळी वाचतांना त्यांच्या हृदयाचा पालट झाला. नोकरीचा त्याग करून, माता, पुत्र आणि कांहीं मित्र ह्यांच्यासह ते कासिसियाकुम येथील एका खेड्यांतील घरीं राहिले. तेथें झालेल्या तत्त्वचर्चा टिपून घेण्यासाठीं त्यांनीं लघुलेखक ठेविला होता. ३८७ च्या पास्काच्या रात्रीं संत अँब्रोज ह्यांच्या हस्तें त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्याच वर्षीं आफ्रिकेस परत जातांना मातापुत्र रोमजवळच्या ऑस्तिया बंदरांत थांबले. एके दिवशीं बागेकडे उघडणाऱ्या खिडकींत उभे राहून दोघांनीं संतांच्या अनंतकालिक जीवनाविषयीं संभाषण केलें. तेथें लघुलेखक नव्हता, तिसरा श्रोताहि नव्हता. थोड्याच दिवसांत मोनिका तापानें आजारी पडल्या आणि वयाच्या ५६ व्या वर्षीं प्रभूकडे गेल्या. तें संभाषण मुलानें लिहून काढलें तें सुमारें दहा वर्षांनंतर, ‘कन्फेशन्स’ ह्या प्रसिद्ध आत्मचरित्रांत. लिहितांना त्यांनीं मोकळ्या मनानें कबूल केलें कीं, आम्ही बोललों तें ह्याच शब्दांत व ह्याच रीतीनें नव्हतें. परंतु बोललों तें हेंच होतें. वाचकहो, आपल्या आईचे अखेरचे बोल आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत आहेत. ते कोणी कागदावर टिपले नव्हते. एखादा शब्द मागेंपुढें होत असेल. तेवढ्यावरून कोणी ते खोटे म्हटले, तर आपण तें मान्य करूं काय?

ऑगस्टीन ३८८ मध्यें मायदेशीं परतले, ३९१ मध्यें हिप्पो नगरांत धर्मगुरू झाले आणि सुमारें ३९५ मध्यें बिशप झाले. ह्या काळांत शब्दशः टिपण म्हणजे काय, हें त्यांच्याइतकें क्वचितच कोणी जाणत असेल. ३९२ मध्यें फोर्तुनातुस ह्या मानीपंथी गुरूशीं त्यांचा दोन दिवस जाहीर वाद झाला, तो लघुलेखकांनीं लिहून घेतला. ४११ मध्यें कार्थेज येथें कॅथोलिक व दोनातुसपंथी बिशपांची मोठी सभा भरली, तेव्हां दोन्ही पक्षांचे लेखक समोरासमोर बसले होते आणि वक्त्यांनीं आपापल्या म्हणण्याखालीं सही करावी असा नियम होता. ४२६ मध्यें ऑगस्टीन ह्यांनीं आपला उत्तराधिकारी जाहीर केला, त्या वेळीं लोकांनीं कोणता जयघोष किती वेळां केला, हेंहि लिहिलें गेलें. देवाचे आभार मानणारी आरोळी २३ वेळां झाली अशी नोंद आहे. अशा मनुष्यास टिपण आणि स्मरण ह्यांतील भेद कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

इ. स. ४०० च्या सुमारास त्यांनीं फाउस्तुसच्या पुस्तकास ३३ भागांचें उत्तर लिहिलें. फाउस्तुसचा एक आक्षेप आमच्या त्या तरुणाच्या प्रश्नाचा सख्खा भाऊच म्हणावा लागेल. त्याचें म्हणणें असें: डोंगरावरचें प्रवचन मत्तय सांगतो, परंतु त्या शुभवर्तमानाप्रमाणेंच मत्तयाला पाचारण झालें तें प्रवचनानंतर. मग जो तेथें हजर नव्हता त्याची साक्ष कशी घ्यावी? ऑगस्टीन ह्यांचा विचार असा कीं, जो पुढें प्रभूच्या सहवासांत राहिला, ज्यांनीं प्रत्यक्ष ऐकलें त्यांच्या पंक्तीला बसला, त्याला पूर्वींचें भाषण कळण्यास कोणती अडचण होती? डोळ्यांनीं पाहणारा तेवढाच साक्षी, असा नियम केला, तर शेंकडों वर्षांनीं जन्मलेल्या फाउस्तुसनें प्रभूविषयीं तोंडच उघडूं नये.

त्याच सुमारास शुभवर्तमानकारांच्या एकवाक्यतेवर त्यांनीं चार भागांचा ग्रंथ रचला. मूर्तिपूजक विद्वान् म्हणत कीं, ख्रिस्तानें स्वतः कांहींच लिहिलें नाहीं आणि ज्यांनीं लिहिलें त्यांचें परस्परांशीं जमत नाहीं. ऑगस्टीन ह्यांनीं विसंगति लपविल्या नाहींत. एकेक उचलून उजेडांत ठेविली. समुद्रांत वादळ उठलें तेव्हां शिष्यांनीं निजलेल्या प्रभूला जागें केलें. मत्तयाच्या वृत्तांतांत ते वांचविण्याची विनवणी करतात. मार्काच्या वृत्तांतांत आपली काळजी नाहीं काय असें गाऱ्हाणें करतात. लूकाच्या वृत्तांतांत केवळ मरत असल्याचा आक्रोश करतात. नेमके कोणते शब्द निघाले? कदाचित् भिन्न शिष्यांनीं भिन्न शब्द उच्चारले असतील. पण ऑगस्टीन ह्यांच्या मतें तेवढ्याची चिंता नको. भयभीत झालेले शिष्य तारणासाठीं प्रभूकडे धांवले, हा अर्थ तिघांचा एकच आहे. यार्देनेच्या कांठीं बापाची वाणी एका वृत्तांतांत लोकांना उद्देशून आहे, तर दुसऱ्या दोन वृत्तांतांत पुत्राला उद्देशून. शब्द एकाच प्रकारचे झाले असतील. मत्तयानें ते ऐकणाऱ्यांच्या बाजूनें सांगितले. ह्या साऱ्यांतून त्यांनीं एक नियम काढला: शब्द हे अर्थाचे सेवक आहेत. बोलणाऱ्याच्या मनांतील आशय ज्यानें खरेपणानें पोंचविला, त्यानें शब्द बदलले तरी असत्य सांगितलें असें होत नाहीं. ज्याला जसें आठवलें तसें त्यानें सांगितलें, आणि त्या आठवणीला पवित्र आत्म्याचें मार्गदर्शन होतें.

परंतु ह्या मोकळीकीस त्यांनीं एक पक्की मर्यादा घातली, आणि ती घालतांना एका संताची नाराजी पत्करली. अंत्युखिया येथें संत पेत्र विधर्मीयांतून आलेल्या बांधवांच्या पंक्तीहून दूर झाले, तेव्हां संत पौल ह्यांनीं त्यांस सर्वांदेखत दोष दिला, असें गलतीकरांस पत्रांत आहे. बेथलेहेमवासी संत जेरोम ह्यांनीं जुन्या ग्रीक टीकाकारांच्या आधारें लिहिलें कीं, हा वाद लोकांच्या हितासाठीं ठरवून केलेला देखावा होता. ऑगस्टीन ह्यांना हें पटलें नाहीं. शास्त्रांत एक जरी उपयुक्त असत्य आहे असें मानलें, तर उद्यां ज्याला जें वचन जड वाटेल तें तो असत्यांत ढकलील, असें त्यांनीं कळविलें. दुर्दैवानें तें पत्र नेणारा मार्गस्थ होण्याआधींच बिशप निवडला गेला. पत्र जेरोम ह्यांच्या हातीं न जातां त्याच्या प्रती इटलींत इतरांनीं वाचल्या. वृद्ध जेरोम दुखावले. कित्येक वर्षें तिखट पत्रें गेलीं आलीं. तरी ऑगस्टीन ह्यांनीं नम्रता सोडली नाहीं आणि सत्यहि सोडलें नाहीं. अखेरीस दोघांचें सख्य झालें.

ऑगस्टीन ह्यांचें प्रत्येक समाधान आजचे पंडित स्वीकारतात असें नाहीं. मार्कानें मत्तयाचा संक्षेप केला असें त्यांना वाटे. आज बहुतेक विद्वान् मार्काचें शुभवर्तमान आधींचें मानतात. प्रभु अरामी भाषेंत बोलत आणि शुभवर्तमानें ग्रीक भाषेंत आहेत, म्हणजे बहुतेक सर्व संभाषणें भाषांतरित स्वरूपांतच आपल्यापर्यंत आलीं आहेत. गोव्यांत १६१६ सालीं छापलेल्या ख्रिस्तपुराणांत फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनीं प्रभूचें बोलणें मराठी ओवींत आणलें. प्रभु ओवींत बोलले असें आपल्या पूर्वजांपैकीं कोणाला वाटलें नसेल. तरी प्रभूची शिकवण त्यांना त्या ओवींतून मिळाली. द्वितीय व्हॅटिकन धर्मपरिषदेनेंहि १८ नोव्हेंबर १९६५ रोजीं हेंच शिकविलें कीं, शुभवर्तमानकारांनीं परंपरेंतून निवड केली, संक्षेप केला, धर्ममंडळांच्या गरजेप्रमाणें उलगडून सांगितलें. परंतु प्रभु येशूविषयीं सांगितलें तें सत्यच.

आतां त्या तरुणाचा प्रश्न. पिलाताच्या वाड्यांतील संभाषण हें लघुलेखकाचें टिपण आहे, असें शास्त्र कोठेंहि म्हणत नाहीं. संत योहान ह्यांनीं तें आपल्या धाटणीनें मांडलें आहे. परंतु तूं यहुद्यांचा राजा आहेस काय, हा त्या संभाषणाचा गाभा चारहि शुभवर्तमानांत आहे. तोच आरोप क्रुसावर, जातांयेतां लोक वाचतील अशा जागीं लिहिला गेला. वाड्याच्या आंत कशाविषयीं बोलणें झालें, ह्याची ग्वाही बाहेरच्या फळीनें दिली.

इ. स. ४३० मध्यें व्हँडल लोकांनीं हिप्पोला वेढा घातला असतां संत ऑगस्टीन ज्वरानें अंथरुणास खिळले. पश्चात्तापाचीं स्तोत्रें लिहवून त्यांनीं तीं समोरच्या भिंतीवर लावून घेतलीं आणि पडल्या पडल्या तीं वाचून ते रडत. ज्या शास्त्राची भाषा तरुणपणीं गांवढळ वाटली होती, त्याचाच आधार घेऊन २८ ऑगस्ट रोजीं त्यांनीं देह ठेविला.

हा लेख म्हणजे त्या तरुणाला मीं द्यावयाचें राहिलेलें उत्तर आहे. तो जेथें असेल तेथें हें त्याच्या हातीं पडो. आपणांपैकीं कोणाचें मूल असा प्रश्न घेऊन येईल, तर मातापित्यांनो, त्याला दरडावूं नका. त्याच्याजवळ बसा, शुभवर्तमान उघडा आणि बरोबर वाचा. संत ऑगस्टीन आणि संत मोनिका आपल्या सर्व कुटुंबांसाठीं देवाजवळ विनंती करोत.