अंड्याचा भाव उत्पादकाच्या हाती देणारे डॉ. बी. व्ही. राव

कोंबडीचे पिल्लू अंड्याबाहेर येण्यास २१ दिवस लागतात. जालना जिल्ह्यातील पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या खुडूक बसलेल्या गावरान कोंबडीने केले. टोपलीत भुसा अंथरायचा, तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची आणि तीन आठवडे वाट पाहायची, एवढीच ती व्यवस्था होती. हे काम यंत्राकडे सोपवून त्यावर देशव्यापी व्यवसाय उभारणाऱ्यांमध्ये डॉ. बंडा वासुदेव राव यांचे नाव अग्रस्थानी घेतले जाते.

१९३५ मध्ये जन्मलेल्या राव यांनी १९७१ मध्ये हैदराबाद येथे लहान प्रमाणावर कुक्कुटपालन सुरू केले. त्यातूनच व्यंकटेश्वरा हॅचरीज हा उद्योगसमूह उभा राहिला आणि पुढे पुणे हे त्याचे मुख्य केंद्र बनले. वर्षाला सुमारे तीनशे अंडी देणारी बीव्ही-३०० ही कोंबडीची जात या समूहाने देशभरातील शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवली. मात्र अशा संकरित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यामुळे उबवणी यंत्राला पर्याय उरला नाही.

यंत्रातही निसर्गाचेच नियम पाळावे लागतात. पहिले १८ दिवस अंड्यांना सुमारे साडेसदतीस अंश सेल्सिअस उष्णता द्यावी लागते व ती वरचेवर फिरवावी लागतात. अखेरच्या तीन दिवसांत फिरवणे थांबवून आर्द्रता वाढवली जाते. घरगुती इन्क्युबेटरमध्येही हेच गणित असते. बाहेर येण्यापूर्वी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते. त्यामुळे जन्मल्यानंतर साधारण दोन दिवस ते अन्नावाचून तग धरू शकते. एक दिवसाची पिल्ले खोक्यांत भरून दूरच्या गावी पाठवता येतात, ती याच कारणाने.

पिल्ले गावोगाव पोहोचली. पण अंड्याचा भाव ठरवणे व्यापाऱ्यांच्याच हाती राहिले. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी उत्पादन खर्चही निघेना, तेव्हा अनेकांवर शेड बंद करण्याची पाळी आली. राव यांच्यासमोर हा खरा पेच होता. गिऱ्हाईकच बुडाले, तर हॅचरीतील पिल्ले घेणार कोण? त्यांनी देशभर फिरून शेतकऱ्यांच्या सुमारे तीनशे बैठका घेतल्या आणि आपल्या मालाचा भाव आपणच जाहीर करावा, हा विचार मांडला. त्यातून १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, अर्थात एनईसीसी स्थापन झाली. राव तिचे संस्थापक अध्यक्ष होते. रोज अंडी खाण्याचा आग्रह धरणाऱ्या समितीच्या जाहिराती दूरदर्शनवरून घराघरांत पोहोचल्या.

१९९० मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर उद्योगसमूहाची धुरा कन्या अनुराधा देसाई यांनी सांभाळली.

राव यांच्या कार्याला दुसरी बाजूही आहे. संकरित कोंबडीचे गुण पुढच्या पिढीत जसेच्या तसे उतरत नाहीत, त्यामुळे शेतकऱ्याला प्रत्येक वेळी नवी पिल्ले विकत घ्यावी लागतात. घरच्या टोपलीतील स्वावलंबन त्यात मागे पडले. परंतु अंडे विकणाऱ्याला त्याचा भाव सांगण्याचा अधिकार असला पाहिजे, हे राव यांनी संघटनेच्या बळावर दाखवून दिले. कांदा आणि टोमॅटोच्या उत्पादकांना तो अधिकार आजही मिळालेला नाही.