काळाराम मंदिराच्या दारापासून गायरानापर्यंत : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

नांदेड-लातूरच्या वस्त्यांमध्ये दादासाहेब गायकवाड हे नाव आज बहुतेकांना योजनेमुळे माहीत आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांतील दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबाला 4 एकर कोरडवाहू किंवा 2 एकर बागायती जमीन देणारी ती सबळीकरण व स्वाभिमान योजना. तिला त्यांचंच नाव का, हे मात्र अर्ज भरणाऱ्या तरुणाला क्वचितच कोणी सांगतं.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म 15 ऑक्टोबर 1902 रोजी नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे या गावी झाला. घर महाराचं, गाव खेडं. पुढे नाशिकला विद्यार्थी वसतिगृहाचं काम सांभाळताना ते बाबासाहेबांच्या चळवळीत आले. राजकारणाची त्यांची शाळा हीच: मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय, वर्गणी, पत्रव्यवहार, गावोगाव पायपीट.

2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याचं रोजचं ओझं दादासाहेबांच्या खांद्यावर होतं. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला असतानाही नाशिकची आघाडी त्यांनी हलू दिली नाही. दगड खाल्ले, तुरुंगात गेले. 1934 मध्ये रामनवमीला पुन्हा सत्याग्रह करायचा का, असं त्यांनी बाबासाहेबांना विचारलं. मंदिरापेक्षा शिक्षण आणि राजकारणाकडे शक्ती वळवावी, असं बाबासाहेबांनी 3 मार्चच्या पत्रात कळवलं. ज्या दारासाठी चार वर्षं झुंज दिली ते सोडून देणं सोपं नसतं. दादासाहेबांनी ते सोडलं. पुढच्याच वर्षी, 13 ऑक्टोबर 1935 ला, त्यांच्याच जिल्ह्यातल्या येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली.

1937 ला स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर लगेच आलेल्या 1957 च्या निवडणुकीत ते शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे नाशिकमधून लोकसभेवर गेले. आपल्याकडच्यांनी लक्षात ठेवावं, की त्याच निवडणुकीत नांदेडच्या द्विसदस्यीय मतदारसंघातून हरिहरराव सोनुले हेही फेडरेशनचे खासदार झाले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. हा सगळा भाग 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि इथे आपल्या माणसांकडे स्वतःच्या नावाची जमीन फारच थोडी होती. पडीक जमिनीसाठी मराठवाड्यात 1953 मध्येच सत्याग्रह झाला होता.

3 ऑक्टोबर 1957 रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांतच फुटला. एका बाजूला बी. सी. कांबळे यांचा, वकील-पदवीधरांचा 'दुरुस्त' गट. दुसरीकडे दादासाहेबांचा गट; त्याला चेष्टेने 'नादुरुस्त' म्हटलं गेलं. धोतर नेसणारा, फारसा न शिकलेला माणूस पक्ष काय चालवणार, असा सूर होता. जमिनीचा लढा म्हणजे कम्युनिस्टांच्या मागे जाणं, असाही आरोप झाला. आज वाचताना हा वाद केवळ पदांचा वाटत नाही. चळवळ नोकरदारांच्या प्रश्नांवर चालवायची की सालगड्याच्या, हा त्यातला खरा प्रश्न होता. दादासाहेबांनी सालगड्याची बाजू घेतली.

1959 मध्ये खानदेश, नाशिक, मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. नंतर राज्यसभेत असताना त्यांनी 6 डिसेंबर 1964 पासून देशभर तो पेटवला. 3 लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले. तुरुंगात जागा पुरेना. पडीक आणि सरकारी जमीन भूमिहीनाला द्या, बौद्धांना सवलती द्या, संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्र लावा, अशा मागण्या पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपुढे ठेवल्या गेल्या.

1967 मध्ये त्यांनी काँग्रेसशी समझोता केला. त्याने पक्ष बळकट झाला नाही, उलट पुढच्या अनेकांना सत्तेच्या दारात उभं राहायची सवय लागली, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवं. 1968 ला पद्मश्री मिळाली आणि 29 डिसेंबर 1971 रोजी त्यांचं निधन झालं.

गायरानावरची 14 एप्रिल 1990 पूर्वीची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय निघाला तो 28 नोव्हेंबर 1991 ला, दादासाहेब गेल्यानंतर वीस वर्षांनी. त्यांच्या नावाची योजना मात्र वेगळ्या वाटेने जाते. त्यात शासन खासगी मालकाकडून जमीन विकत घेऊन देतं आणि शासकीय दरात विकायला मालक सहज तयार होत नाही. दादासाहेबांनी मागितली होती ती सरकारच्या ताब्यातली पडीक जमीन.