बुलढाण्याचा साहेब, ठगांचा माग आणि तुमच्या फोनमधला केस नंबर

आयसीजेएस हे नाव तुम्ही बातम्यांमध्ये ओझरतं ऐकलं असेल. पोलीस, कोर्ट, तुरुंग, फॉरेन्सिक लॅब आणि सरकारी वकील, या पाच ठिकाणची माहिती एकमेकांना दिसावी म्हणून उभारलेली ही यंत्रणा. ती समजावताना मी चौकोन आणि बाणांचं चित्र काढून मोकळा झालो असतो. पण त्यापेक्षा मी एका माणसाची गोष्ट सांगतो. जवळपास दोनशे वर्षांपूर्वी माहिती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली नाही, म्हणून त्याच्या हातातला सगळ्यात मोठा तपास निसटला. हाच माणूस पुढे १८५७ साली आपल्या बुलढाण्यात अधिकारी म्हणून आला.

त्याचं नाव फिलिप मेडोज टेलर.

पंधराव्या वर्षी मुंबईत

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. घरची परिस्थिती ढासळलेली, म्हणून १८२४ मध्ये पोरगा मुंबईला रवाना झाला. एका व्यापारी पेढीत नोकरी आणि पुढे भागीदारी, असं आश्वासन होतं. इथे येऊन बघतो तर पेढीचाच धंदा डबघाईला आलेला! मग ओळखीतून त्याला हैदराबादच्या निजामाच्या फौजेत जागा मिळाली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. टेलर ईस्ट इंडिया कंपनीचा थेट नोकर नव्हता, निजामाचा होता. त्यामुळे बढती, पगार, मान सगळंच कमी. पण त्याने एक काम मन लावून केलं, ते म्हणजे इथल्या भाषा शिकला. हिंदुस्थानी शिकला, मराठीही शिकला. कायदा आणि जमीन मोजणी हेही विषय त्याने स्वतःच आत्मसात केले. अठरा-एकोणीस वर्षांचा असताना त्याच्याकडे निजामाच्या मुलखातल्या एका मोठ्या भागाचं पोलीस काम आलं. आजच्या हिशोबाने हा कॉलेजचा विद्यार्थी, आणि हाताखाली शेकडो गावं.

हातातून निसटलेला तपास

त्या काळात प्रवास म्हणजे पायी, घोड्यावर नाहीतर बैलगाडीने. घरून निघालेला माणूस महिनोन्‌महिने परतला नाही तरी घरच्यांना वाटायचं, असेल कुठेतरी. टेलरच्या भागात वाटसरू असेच गायब होत होते. अधूनमधून प्रेतं सापडायची. पण कोण मेलं, कोणी मारलं, काही पत्ता लागत नव्हता.

का लागत नव्हता? कारण मरणारा एका राज्यातला, मारणारे दुसऱ्या राज्यातले, आणि खून झाला तिसऱ्याच हद्दीत. निजाम, कंपनी, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, प्रत्येकाची हद्द वेगळी, कचेरी वेगळी, दप्तर वेगळं. एका कचेरीत बेपत्ता माणसाची तक्रार, दुसऱ्या कचेरीत बेवारस प्रेताची नोंद. दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत हे कोणाला कळणार?

टेलरला संशय आला होता. तो खोदत होता. आणि नेमका तेव्हाच त्याला पोलीस कामावरून काढून पलटणीत परत बोलावलं गेलं. त्याने जागेवर राहू द्या म्हणून विनंती केली, पण उपयोग झाला नाही. त्याच्या डोक्यात जुळत आलेले धागे त्याच्याबरोबरच पलटणीत गेले. त्या जागेवर पुढे आलेल्या माणसाला सुरुवात शून्यापासून.

काही वर्षांतच जबलपूरकडे विल्यम स्लीमन नावाच्या अधिकाऱ्याने ठगांच्या टोळ्या उघडकीला आणल्या आणि त्याचं नाव सगळीकडे झालं. आपल्याला तिथेच राहू दिलं असतं तर हे आपणच आधी शोधलं असतं, ही खंत टेलरने म्हातारपणी आत्मचरित्रातही नोंदवली आहे.

स्लीमनने वेगळं काय केलं?

स्लीमनकडे टेलरपेक्षा जास्त हुशारी होती असं मला वाटत नाही. त्याच्याकडे पद्धत होती आणि ती चालवायला वेळ मिळाला. त्याने केलेली कामं आजच्या भाषेत अशी मांडता येतील:

- एकच डेटाबेस. पकडलेल्या ठगांपैकी काहींना माफीचे साक्षीदार केलं. प्रत्येकाकडून नावं, टोळ्या, नातीगोती, खुनाच्या जागा लिहून घेतल्या. वंशावळी तयार केल्या.
- पडताळणी. एकाचा जबाब दुसऱ्याच्या जबाबाशी ताडून पाहिला. सांगितलेल्या जागा खणून बघितल्या.
- शेअरिंग. ही माहिती वेगवेगळ्या संस्थानांतल्या इंग्रज अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवली.
- हद्दीची अडचण कायद्याने काढली. १८३६ च्या ३० व्या कायद्यानुसार ठगांच्या टोळीत असणं हाच गुन्हा ठरला, आणि गुन्हा कंपनीच्या हद्दीबाहेर घडला असला तरी खटला चालवता येऊ लागला.

यातूनच ठगी आणि डकैती खातं उभं राहिलं. हे खातं १९०४ मध्ये बंद झालं आणि त्याच्या जागी केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता विभाग आला. आजच्या इंटेलिजन्स ब्युरोची वंशावळ तिथपर्यंत जाते.

टेलरही या कामापासून फार दूर राहिला नाही. हैदराबादेत माफीच्या साक्षीदारांचे कबुलीजबाब त्याने स्वतः ऐकले. त्यावरून लिहिलेली त्याची कादंबरी, कन्फेशन्स ऑफ अ ठग, १८३९ मध्ये लंडनला छापली गेली आणि तुफान गाजली. इंग्रजीत ठग हा शब्द घरोघरी पोहोचवण्यात या पुस्तकाचा मोठा हात आहे.

१८५७: फौज नाही, पण माहिती आहे

१८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिलं. धाराशिवकडचा नळदुर्गचा भागही तेव्हा कंपनीकडे आला. त्याआधी टेलरने शोरापूर संस्थानाचा कारभार बरीच वर्षं पाहिला होता. आता त्याला नळदुर्गला डेप्युटी कमिशनर केलं.

मग १८५७ चा उठाव झाला आणि टेलरची बदली उत्तर वऱ्हाडात झाली. त्याचं मुख्य ठाणं होतं बुलढाणा. आजच्यासारखा जिल्हा तेव्हा आखलेला नव्हता, पण जागेचं महत्त्व तेच होतं. पश्चिमेला खानदेश, दक्षिणेला निजामाचा मुलूख, उत्तरेला सातपुडा आणि पलीकडे नर्मदेचं खोरं. चारही बाजूंनी वेगवेगळे कारभार. आणि टेलरच्या हाताशी फौज? जवळपास काहीच नाही. मिळेल त्यात भागव, असाच वरून हुकूम होता.

तरीही त्याच्या काळात या भागात मोठा उद्रेक झाला नाही. उलट जनरल व्हिटलॉकच्या सैन्याला अवजड तोफा ओढायला बैल हवे होते, तेही त्याने गोळा करून दिले. हे कंपनी सरकारच्या बाजूचं यश होतं, हे विसरायला नको. ज्या लोकांनी राज्य उलथवायचा प्रयत्न केला, त्यांच्या दृष्टीने हीच गोष्ट वेगळी दिसेल. पण फौज नसलेला अधिकारी टिकतो तो लोकांशी असलेल्या संपर्कावर, आणि टेलरला लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलता येत होतं.

माग: आपल्याकडची जुनी सिस्टीम

इथे थोडं थांबून एक देशी पद्धत बघूया. मराठी मुलखात गावागावात पाटील आणि त्याच्या हाताखाली जागल्या असायचा. चोरी झाली की जागल्या चोराच्या पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचा. माग शिवेपलीकडे गेला की तो पुढच्या गावाच्या स्वाधीन करायचा. आता जबाबदारी त्या गावाची! त्यांना माग पुढे दाखवता आला नाही, तर भरपाईचा बोजा त्यांच्यावर यायचा.

किती साधं आहे बघा. हद्द संपली म्हणून तपास संपत नाही, तपास पुढच्याच्या हातात जातो. सॉफ्टवेअरवाले ज्याला इंटिग्रेशन म्हणतात, त्याचा गाभा हाच. फक्त ही सिस्टीम दहा-वीस कोसांवर दमायची. शंभर कोसांवर पसार होणाऱ्यांसाठी ती पुरत नव्हती.

आज हा माग कसा चालतो?

आता आजच्या बुलढाण्यात या. समजा मलकापूरहून चोरलेली बाईक बऱ्हाणपुरात सापडली. म्हणजे राज्यच बदललं. अशा वेळी कामाला येणाऱ्या गोष्टी:

- सीसीटीएनएस. २००९ मध्ये मंजूर झालेला प्रकल्प. देशातल्या पोलीस ठाण्यांच्या नोंदी एका जाळ्यात आणतो.
- नॅफिस. बोटांच्या ठशांचा राष्ट्रीय साठा. प्रत्येक नोंदीला दहा अंकी नंबर मिळतो.
- आयसीजेएस. पोलीस, ई-कोर्ट, ई-प्रिझन, फॉरेन्सिक आणि अभियोग यांना जोडतो. माहिती एकदाच भरायची, बाकीच्यांनी तीच वापरायची, हे यामागचं तत्त्व. दुसऱ्या टप्प्याला फेब्रुवारी २०२२ मध्ये ३,३७५ कोटी रुपये मंजूर झाले.
- झिरो एफआयआर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. आमची हद्द नाही, असं सांगून परत पाठवता येत नाही.

आणि हे जोडलेलं नसलं तर काय होतं? जुलै २०२१ मध्ये आग्र्याच्या तुरुंगातल्या १३ कैद्यांना सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. तरी ते काही दिवस आतच राहिले, कारण आदेशाची अधिकृत प्रत तुरुंगापर्यंत पोहोचली नव्हती. विचार करा, आपल्याला जेवणाच्या ऑर्डरचा ठावठिकाणा मिनिटामिनिटाला कळतो, आणि सुटकेचा कागद मात्र टपालात अडकलेला! न्यायालयाने याची स्वतःहून दखल घेतली आणि ३१ मार्च २०२२ ला फास्टर ही प्रणाली सुरू झाली. आता न्यायालयाचे असे आदेश सुरक्षितपणे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने थेट पाठवता येतात.

पण चुकीची नोंदही तितक्याच वेगाने पळते

टेलरच्या गोष्टीचा हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्लीमनच्या वंशावळींनी टोळ्या सापडल्या खऱ्या. पण त्याच वंशावळींमुळे एक भयंकर कल्पना पक्की झाली, ती म्हणजे गुन्हेगारी रक्तात असते. टेलरच्या कादंबरीने तेच चित्र हजारो वाचकांच्या डोक्यात बसवलं. ठगांबद्दल इंग्रजांनी लिहिलेलं किती खरं आणि किती फुगवलेलं, यावर इतिहासकारांमध्ये आजही वाद आहे.

१८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. सुरुवातीला तो उत्तर भारतात होता, पुढे इतरत्र पसरला. अख्ख्या जमातीची नावं रजिस्टरमध्ये चढली. जन्मलेलं मूलही संशयित. हजेरी द्या, परवानगीशिवाय गाव सोडू नका. पारध्यांसारख्या कितीतरी जमातींनी हे सोसलं. पारधी वस्त्या आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही आहेत.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. पण शिक्का कागदावरून लवकर निघत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की तुरुंगातल्या नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढून टाका आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नका. कायदा रद्द झाल्यानंतर ७२ वर्षांनी!

म्हणून पाच खाती जोडली की काम संपलं, असं नाही. एका ठाण्यात चुकीचं नाव चढलं तर ते आता पाचही ठिकाणी दिसणार. मग निर्दोष सुटल्याचा निकालही तितक्याच वेगाने पाचही ठिकाणी पोहोचला पाहिजे. आरोप पळतो आणि दुरुस्ती रांगते, अशी सिस्टीम जोडलेली असली तरी न्यायाची नाही.

टेलरचा शेवट आणि तुमचा फोन

टेलर १८५८ मध्ये बुलढाण्याहून पुन्हा शोरापूरला गेला. तब्येत ढासळल्याने १८६० मध्ये मायदेशी परतला. तिथे त्याने तारा, सीता अशा कादंबऱ्या लिहिल्या. ताराचं कथानक तुळजापूरच्या परिसरात घडतं. १३ मे १८७६ ला फ्रान्समधल्या मांतों गावी तो वारला. आत्मचरित्र त्याच्या मागे, १८७७ मध्ये प्रसिद्ध झालं.

त्याच्या काळात दप्तर फक्त साहेबाच्या टेबलावर असायचं. तुमच्याकडे त्याचा थोडा भाग खिशात आहे, तर तो वापरायला शिका:

१. ई-कोर्ट ॲप घ्या. केसचा १६ अक्षरी-अंकी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख आणि आदेश दिसतात.
२. एफआयआर साधारणपणे २४ तासांत ऑनलाइन टाकावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले आहेत.
३. फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार करून संचार साथी पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक करा. हा नंबर आजच कुठेतरी लिहून ठेवा.
४. स्वतःची नोंद तपासा. केस संपली असेल तर निकालाची प्रत जपून ठेवा. नोंदीत नाव, वय, पत्ता चुकला असेल तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

चौथा मुद्दा घरच्यांना नक्की सांगा, विशेषतः ज्यांच्या घरात कोणाची जुनी केस निकाली निघाली आहे त्यांना. सीएनआर नंबर कुठे सापडतो हे कळलं नाही तर खाली विचारा, त्यावर वेगळा लेख करूया.