पॅरिसमधील रविवार

ज्यांचे पवित्र अवशेष जुन्या गोव्यात विसावले आहेत, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांस आम्ही थोर धर्मदूत म्हणून वंदितो. त्यांची विद्यार्थिदशा मात्र थोड्यांसच ठाऊक असते. १५२५ साली ते नावारहून पॅरिसला गेले. उडी मारण्यात पटाईत, कुळाचे अभिमानी आणि हात सढळ! १५२९ साली सेंट बार्ब विद्यालयात त्यांच्या खोलीत राहावयास आलेले लंगडे, प्रौढ इग्नेशियस त्यांस प्रथम रुचले नाहीत. पीटर फेबर मात्र आधीपासूनचे स्नेही. मन वळावयास काही वर्षे लागली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र येथे सात मित्रांनी व्रत घेतले. रविवारी ही मंडळी गावकुसाबाहेरील कार्थुसियन मठात जाऊन पापनिवेदन करी व पवित्र कम्युनियन घेई. मधूनमधून सर्वजण आपापला शिधा घेऊन एकाच्या बिऱ्हाडी जमत, पुढल्या खेपेस दुसऱ्याच्या. ही साधी पंगत आम्हांस व्रताइतकीच मोलाची वाटते. १५४२ च्या मे महिन्यात झेवियर गोव्यास पोहोचले. पुढे मोलुकास बेटांत असता, मित्रांच्या पत्रांतील सह्या कापून त्या ते गळ्यात बाळगीत. १५५२ साली सान्सियन बेटावर त्यांनी देह ठेविला. इग्नेशियस यांची भेट पुन्हा झाली नव्हती.