शेजारगावचा चिक चॉकलेट

विसर्जनाच्या मिरवणुकीत हात हलवत, कंबर किंचित लचकवत जो साधासोपा नाच आपण लहानथोर सगळे करतो, तो मास्टर भगवान यांचा. त्यांच्या 'अलबेला' चित्रपटाच्या गाण्यांना चाली दिल्या सी. रामचंद्र यांनी. ही दोन्ही नावे आपल्या घरांत आजही आदराने घेतली जातात. पण त्या गाण्यांमागे ट्रंपेट घेऊन उभा असलेला तिसरा कलाकार आपला शेजारी होता. शिरगावहून अस्नोड्यामार्गे बार्देशात उतरले की हळदोणे फार लांब नाही. हा कलावंत त्या गावचा. यंदाच्या स्मरणिकेत आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

अंतोनियो शावियर वाझ यांचा जन्म १९१६ साली हळदोण्यात झाला. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत असत. याच शिदोरीवर गोव्याची कितीतरी मुले मुंबई गाठत, धोबीतलावच्या कुडींत राहत आणि हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवून घरी पैसे पाठवीत. वाझ यांनी मेकॅनिक होऊन चार पैसे मिळवावेत, अशी आईची इच्छा होती. मुलाचा जीव मात्र ट्रंपेटमध्ये अडकला होता.

तिकडे अमेरिकेत जॅझचे युग अवतरले होते. न्यू ऑर्लिन्समधील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत जन्मलेले हे संगीत शिकागो, न्यूयॉर्कपर्यंत पोहोचले. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात ते चोरट्या मद्यगृहांत रंगले आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून जगभर गेले. वाजवणारे कृष्णवर्णीय, पण नामांकित क्लबांत श्रोता म्हणून बसायला त्यांनाच मज्जाव, असा तो काळ होता. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि गोमंतकीय वादकांना हे संगीत समोरासमोर ऐकायला मिळाले.

वाझ यांनी लुई आर्मस्ट्राँगला गुरुस्थानी मानले आणि चिक चॉकलेट हे नाव धारण केले. पुढे रसिक त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. १९४५ साली त्यांच्या अकरा जणांच्या 'म्युझिक मेकर्स' बँडने बारा बँडना मागे टाकून ताजच्याच मालकीच्या ग्रीन्स हॉटेलातील काम मिळवले.

१९५० मध्ये मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली आणि हॉटेलांतील नाचगाण्याला ओहोटी लागली. अनेक वादकांनी चित्रपटांच्या स्टुडिओंची वाट धरली. तिथे चिक यांची आणि पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची, म्हणजेच सी. रामचंद्रांची, जोडी जमली. अण्णा चाल गुणगुणत. चिक तिच्याभोवती ट्रंपेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट यांचे तुकडे बांधून प्रत्येक वादकापुढे स्वरलिपीचा कागद ठेवत. 'समाधी' (१९५०), 'अलबेला' (१९५१), 'आशा' (१९५७) या चित्रपटांतील थिरकती गाणी अशीच घडली. 'अलबेला'त तर चिक आणि त्यांचा बँड झालरींचे सदरे घालून पडद्यावरही दिसतो. १९५१ च्या 'नादान'ला त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले. त्यातले तलत महमूद यांचे गाणे जुन्या रसिकांना आजही आठवते.

पण तबकडीवर नाव छापले जाई संगीतकाराचे आणि गायकाचे. साथीचे संगीत बांधणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला तिथे जागा नसे. त्या दिवसाची बिदागी मिळाली की हिशेब संपला. मे १९६७ मध्ये वयाच्या ५१ व्या वर्षी चिक यांचे निधन झाले. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम साडेपाच वर्षे झाली होती. त्यांची गाणी मात्र आपल्या मांडवांत वाजतच राहिली.

आपली लईराई देवी आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. देवींचे नाते जपणाऱ्या आम्हा शिरगावकरांना शेजारच्या गावातला एवढा मोठा कलावंत परका कसा राहिला, याची आम्हालाच खंत वाटते. म्हणून निवेदकांना आमची विनंती आहे. यंदा करमणुकीच्या रात्री 'अलबेला'तले गाणे लागेल, तेव्हा मास्टर भगवान आणि अण्णांच्या नावापाठोपाठ हळदोण्याच्या चिक चॉकलेटचेही नाव घ्या. त्यांचे ऋण थोडे तरी फिटेल.